वैशालीच्या गळ्यात काय घालायचं

माझी मैत्रीण वैशाली काल सकाळी गेली, आणि दुपारपर्यंत तिला पुन्हा नवऱ्याची करायची तयारी सुरू झाली होती.

डेंग्यू झाला. आमच्या मुरुम गावाहून सोलापूरला नेलं, पण उशीर झाला होता.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी पुण्याला आले, ती मुरुममध्येच राहिली. तिचं लग्न झालं, आणि काही वर्षांनी ती एक बॅग घेऊन आईकडे परत आली.

अख्ख्या गावाचा एकच प्रश्न. "मारत होता का?"

"न्हाय."

"मग पितो का?"

"न्हाय की. मला नको होता."

हे उत्तर गावाला शेवटपर्यंत पचलं नाही.

मारत होता म्हणाली असती तर चार बायका हळहळल्या असत्या, चहा पाजला असता. पण नुसतं नको होता? हे काय कारण झालं?

मग गावानेच सोयीचं कारण शोधलं. नवऱ्याने टाकली म्हणे.

तिने पार्लर काढायचं ठरवलं, तर टाकलेल्या बाईला गाळा कोण देणार? शेवटी एका किराणा दुकानाच्या वरची खोली मिळाली. मी गेले की ती हक्काने खुर्चीत बसवायची.

एकदा माझा मंगळसूत्राविना मोकळा गळा बघून म्हणाली, "तू न्हाय घातलं तर लोकं म्हणत्यात, पुण्याची हाय, मॉडर्न हाय. म्या काढलं तर टाकलेली."

रागाने नाही म्हणाली. माझ्या भुवया कोरत म्हणाली, त्यामुळे मला मानही हलवता येईना.

खरंच होतं ते. माझ्यामागे नोकरी आहे, फ्लॅट आहे, "तुझी मर्जी" म्हणणारा नवरा आहे. मी इथे पोस्टमध्ये माय चॉइस वगैरे लिहिते आणि तुम्ही सगळे हार्ट देता.

तिच्या चॉइसला कुणी हार्ट दिला नाही.

आणि बाई मालिकांची वेडी! हातात दोरा, खुर्चीत गिऱ्हाईक, डोळे टीव्हीवर. हिरॉइनचं मंगळसूत्र तुटलं की हिच्या डोळ्यांत पाणी.

"वैशे, तू रडतेस? तू?"

"रडू दी की. तिचं तुटलं तर इजा चमकत्यात, वारं सुटतंय. म्या काढलं तवा कुत्रंबी भुकलं न्हाय."

खुर्चीतली बाईसुद्धा हसली होती.

काल मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. तिची आत्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "नवरा हाय अजून. सवाष्ण गेली, भाग्याची."

भाग्याची!

जिवंतपणी जिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, ती मेल्यावर भाग्याची झाली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"आत्या, तिला हे नको होतं."

"तू गप गं. तुमचं पुण्याचं पुण्याला." आणि वैशालीच्या आईकडे वळून, "वैनी, तिचं मंगळसूत्र आणा. मोकळ्या गळ्यानं धाडू नका लेकीला."

काकू आत गेल्या.

खरं सांगते, काकूंकडून मला काडीची आशा नव्हती. लेक परत आली त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं, नांदायला जा. ते मंगळसूत्रही त्यांनीच देवघरात जपून ठेवलं होतं, आज ना उद्या ती घालेल म्हणून.

त्या बाहेर आल्या. मंगळसूत्र मुठीत होतं. लेकीच्या उशाशी बसल्या, पण हात काही पुढे होईना.

"घाला की, वैनी. लोकं खोळंबल्यात."

काकूंनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"तिनं सोताच्या हातानं काढून माझ्याकडं दिलंय, वन्सं," त्या म्हणाल्या. "आता तिला इचारल्याबिगर कसं घालू?"



काकूंनी ते मंगळसूत्र कमरेला खोचलं, आणि दोन्ही हातांनी लेकीच्या गळ्यावरचा पदर नीट केला.

वैशाली मोकळ्या गळ्यानेच गेली.

श्रद्धांजली हा शब्द तुझ्या नावापुढे अजून लिहवत नाही गं.

नीट जा, बये.