तीन नंबरचं तिकीट

तिकीटबाईंनी रग्बी क्लबात चौदा वर्षं नोकरी केली आणि त्या चौदा वर्षांत एकही सामना पाहिला नाही. यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. खिडकीचं तोंड रस्त्याकडे आणि मैदान पाठीमागे, भिंतीपलीकडे. भिंतीतून कधी "वाऽऽ" ऐकू यायचं, कधी "अरेरे". गेली तीन वर्षं नुसतंच "अरेरे" येत होतं आणि तेही दबक्या आवाजात. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून माणसाचे फक्त हात दिसत. नेहमीच्या प्रेक्षकांना बाई हातांवरून ओळखत. त्याला फारशी हुशारी लागत नव्हती, कारण नेहमीचे प्रेक्षक दीडशेच्या वर नव्हते.

क्लब व्यावसायिक होता, म्हणजे खेळाडूंना हरण्याचा पगार मिळायचा. लीगने मॅनेजरला बजावलं होतं की, मैदान भरत नसेल तर पुढच्या वर्षी तुम्ही आमच्यात नाही. मॅनेजरने मग नाही नाही ते केलं. शाळांमध्ये पास वाटले, ते पोरांनी विमानं करून उडवले. एका माणसाला अस्वलाचा वेश घालून नाचवलं, तर अस्वलाला उकाड्याने चक्कर आली. त्या वर्षी क्लबबद्दल पेपरात छापून आलेली ती एकमेव बातमी.

त्यातच माइकवर सामन्याचं वर्णन करणाऱ्या गृहस्थांनी घशाचं कारण सांगून नोकरी सोडली. मॅनेजर धावत खिडकीशी आला.

"बाई, तशाही माश्या मारत बसल्या आहात. माइकवर बसा."

"मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? जे दिसेल ते सांगा."

बाई जन्माच्या आज्ञाधारक. त्यांनी जे दिसेल ते सांगितलं.

"एकाने चेंडू घेतला आहे. सगळे त्याच्या मागे लागले आहेत. टाकून का देत नाही कोण जाणे. पाडला. आता सगळे त्याच्या अंगावर पडत आहेत. घरी मुलं असं करायला लागली की आपण सोडवतो. इथे शिट्टीवाले गृहस्थ नुसते बघत उभे आहेत." थोड्या वेळाने, "जायचं आहे पुढे आणि चेंडू देतात मागे. चाललाय आपला उरफाटा कारभार." आणि दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, डोकी एकमेकांत अडकवून रेटारेटी करू लागले तेव्हा काळजीच्या सुरात, "यांचं काही हरवलं आहे का?"

हे सगळं सपाट, गंभीर आवाजात. शेवटी त्यांनी तीन नंबरच्या धिप्पाड खेळाडूकडे लक्ष वेधलं. "या गृहस्थांनी अजून एकदाही चेंडूला हात लावलेला नाही. फुकट आत आले आहेत का? माझ्याकडून तरी तिकीट घेतलेलं नाही."

दीडशे माणसं हसून हसून बाकांवरून घसरली. त्यातल्या कोणीतरी मोबाइलवर टिपून घेतलं आणि ते गावभर फिरलं. पुढच्या सामन्याला सहाशे जण आले, त्याच्या पुढच्याला दोन हजार. ते खेळ बघायला आले नव्हते, बाईंना ऐकायला आले होते. पण मोजणाऱ्याला त्याचं काय? पेपरवाले घरी येऊन बाईंचा, त्यांच्या नवऱ्याचा आणि नवऱ्याच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाचा फोटो काढून गेले. "आमची धाकटी तिकिटं फाडते" असं चारचौघांत नाक मुरडून सांगणाऱ्या थोरल्या जाऊबाई आता "आमच्या घरात बोलण्याची कला आहेच" असं म्हणू लागल्या. बाईंना बरं वाटत होतं. का वाटू नये? साठीला टेकेपर्यंत त्यांचं बोलणं घरातसुद्धा कोणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

आणि तीन नंबर मैदानात आला की सगळं मैदान एका सुरात ओरडायचं, "तिकीट! तिकीट! तिकीट दाखव!" तोही हसून हात वर करायचा.

एका सोमवारी खिडकीच्या भोकात दोन हात आले. बोटं वाकडी, नखं काळी पडलेली. हे हात ओळखीचे नव्हते. बाईंनी वाकून वर पाहिलं, तर तीन नंबर.

"बाई, शनिवारचं एक तिकीट द्या. पास संपले म्हणे. आई येणार आहे."

"नेहमी येतात?"

"छे, पहिल्यांदाच. इतकी वर्षं मीच नको म्हणायचो, रिकामं मैदान काय दाखवायचं? आता गर्दी असते, तर तीच हट्टाला पेटली." तो घुटमळला. "ते तिकीट-तिकीट ओरडतात ना, तेवढं त्या दिवशी... जाऊ दे. गर्दी येते म्हणून तर क्लब चाललाय."

बाईंनी तिकीट दिलं आणि विचारलं, "रागावू नका, पण तुम्ही तिथे नेमकं करता काय?"

त्याने कॉलर खाली ओढून मान दाखवली. ती दोन्ही बाजूंनी सोलवटून निघाली होती. "समोरच्या दोघांच्या मधे माझं डोकं असतं. समोरून आठ जणांचा रेटा, मागून आपल्या लोकांचा. मी म्हणजे टेकू. मी कोसळलो की सगळे कोसळतात. माझं काम न हलण्याचं. आता न हललेलं कोणाला दिसणार?"

मंगळवारपासून बाई खिडकी लावून सरावाला जाऊन बसू लागल्या. प्रशिक्षकाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. नियमांचं पुस्तक घरी नेलं, स्वयंपाक करताना वाचलं, भाजी करपवली. गुरुवारी मॅनेजरने त्यांना चेंडू मागे का द्यायचा हे कोणाला तरी समजावून सांगताना ऐकलं आणि तो धावतच त्यांच्याकडे आला.

"बाई, हे काय चाललंय? तुम्हाला कळायला लागलंय!"

"मग? वाईट आहे का?"

"वाईट? सत्यानाश आहे! कळणारे गल्लोगल्ली आहेत. न कळणाऱ्या तुम्ही एकट्याच." त्याने खिशातून कागद काढला. "शनिवारी टीव्हीवाले येतायत, लीगची माणसं येतायत. यात दहा प्रश्न लिहिलेत. तुम्हाला हे कळत नाही, असं समजा."

चौथा प्रश्न तिकिटाचा होता.

शनिवारी मैदान असं भरलं की मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिल्याच रेटारेटीसाठी सगळे वाकले आणि लोकांनी सुरू केलं, "तिकीट! तिकीट!" बाईंनी कागदाची घडी घालून ती पर्समध्ये टाकली आणि माइक जवळ ओढला. आवाज नेहमीसारखाच सपाट.

"तीन नंबरच्या गृहस्थांविषयी मी चुकीचं बोलले होते. ते टेकू आहेत. समोरच्या आठ जणांचं वजन आठशे किलोच्या पुढे आहे आणि तो रेटा आत्ता त्यांच्या मानेवर आहे."

मैदान खदखदून हसलं.

"हसू नका. मी खरं सांगते आहे."

आणखी मोठा हशा. टीव्हीवाल्याचा कॅमेरा हसण्याने हलू लागला.

"ते हलले तर सगळे कोसळतील," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांची मान सोलून निघाली आहे. मी स्वतः पाहिली आहे."

लोक पोट धरून लोळायला लागले. बाई गप्प बसल्या. ते गप्प बसणं तर लोकांना सगळ्यात जास्त आवडलं. खरं बोलून असं तोंडावर पडायची वेळ बाईंवर कधीच आली नव्हती.

क्लब नेहमीप्रमाणे हरला आणि तरीही लीगमध्ये वाचला. लीगच्या माणसांनी बाईंचा हात हातात घेतला. मॅनेजर म्हणाला, "मानेचं कुठून सुचलं हो? माझ्या कागदात नव्हतं!" बाई खिडकीच्या खोलीत जाऊन आवराआवर करू लागल्या. त्यांना फक्त घर गाठायचं होतं.

काचेवर टकटक झाली. भोकात दोन सुरकुतलेले हात, त्यात फाडून उरलेलं तिकीट.

"मघाशी बोलत होता त्या तुम्हीच ना? तीन नंबर माझा मुलगा."

बाईंनी आवराआवर थांबवली.

"किती छान सांगितलंत हो त्याचं! एवढं वजन पेलतो, मला कधी बोलला नाही मेला. आणि लोक तरी किती खूश! त्याचं नाव निघालं की हसून हसून वेडे होत होते. इतक्या लोकांना तो आवडतो, मला माहीतच नव्हतं."

म्हातारीच्या मागे तीन नंबर उभा होता. त्याची मान वळत नव्हती, म्हणून त्याने सगळं अंगच रस्त्याकडे वळवलं.

"एकच कळलं नाही," म्हातारी म्हणाली. "सारखं तिकीट, तिकीट काय ओरडत होते?"

तो पाठमोरा तसाच थांबला. बाईंनी काचेच्या भोकाशी वाकून म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं.

"तिकिटं संपली होती ना, म्हणून. तुमचा मुलगा खेळणार असला की पुरतच नाहीत. मग ओरडतात बिचारे."

"अगं बाई!" म्हातारीने हातातल्या तुकड्याची नीट घडी केली आणि तो रुमालात बांधला. मग मागे वळून मुलाला दटावलं, "पुढच्या वेळी माझं आधीच काढून ठेव रे. नाहीतर मिळायचं नाही."

"काढतो," तो म्हणाला.