ऑफिसचा फोन आणि मोडलेली सोयरीक

ती तक्रार आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा अमरावतीत ठाणेदार होतो. बियाण्यांच्या एका कंपनीत काम करणारी मुलगी वडिलांसोबत ठाण्यात आली. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि अकोल्याच्या मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली होती. मुलीला फिट येतात, औषधं चालू आहेत, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. सांगितलं कोणी, ते शोधा, एवढंच तिचं म्हणणं.

"वहिनीनंच सांगतलं, साहेब. घराबाहेर कोणालेच ठाऊक नाही," मुलगी म्हणाली.

वहिनीचा जबाब घेतला. ती बिचारी रडायलाच लागली. "मी काहून सांगीन? तिच्या गोळ्यायची आठवण रोज मीच देऊन राहिली ना!"

मग मुलाच्या वडिलांना बोलावलं. "लोकं बोलून राहिले," म्हणून ते टाळत होते. आवाज चढवला तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो होता, पण संगणकाच्या पडद्यावरून काढलेला. मुलीच्या घरी संगणक कुठला!

"चिठ्ठीचा फोटो कोणत्या फोनात होता?" मी मुलीला विचारलं.

"ऑफिसच्या. माझा बिघडला होता."

झालं! त्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप ऑफिसच्या संगणकावर जात होता आणि हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सोयरीक ठरली की मुलाकडचे नोकरीच्या ठिकाणी गुपचूप चौकशीला जातात. तसे हे गेले. मॅनेजरने चहा पाजला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"फोन कंपनीचा हाये, साहेब," मॅनेजर मलाच शिकवू लागला. "आन् सोयऱ्यायपासून असं लपवनं बरं नाही."

लपवलं कोणी होतं? मुलगा स्वतः ठाण्यात येऊन म्हणाला, "तिनं मले पयल्याच भेटीत सांगतलं होतं."

"मग बापापुढं तोंड काहून नाही उघडलं?" मी दरडावलं.

त्याने मान खाली घातली. मुलगी उठली. "राहू द्या साहेब, मोडली तेच बरं झालं," म्हणाली आणि बाहेर बाकावर बसलेल्या वहिनीपाशी जाऊन रडली.

गुन्हा नोंदवला. जबाबावर सही करताना मॅनेजर हळूच म्हणाला, "साहेब, हे बाहेर जाऊ देऊ नका. माह्या पोरीले पाहुणे पाहून गेले. आता चौकशीले येतीन."

काय बोलणार, कप्पाळ! नोकरीत चोर पुष्कळ पाहिले. माल दुसऱ्याचा आहे, एवढं तरी त्यांना कळत होतं.