आजोबा-नातीत दुभाष्या नको

बोलणाऱ्यासमोर तळहात उभा धरायचा, ही आमच्या शेजाऱ्यांची जुनी खोड. हडपसरला बसडेपोत उभा जन्म कंट्रोलरकी केली. बस थांबवता थांबवता माणसंही थांबवायला शिकले. "वहिनी, बोलू नका, बघा," मला म्हणायचे. वारज्यात आमच्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट आमच्या बरोबर खाली.

असे गृहस्थ तुमच्याही जिन्यात भेटतील. आमचे मात्र निवृत्तीनंतर फ्रेंच सिनेमे बघायला लागले. मुलगा फ्रान्समध्ये, सून तिथलीच आणि पाच वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. व्हिडिओ कॉलवर मुलगा मध्ये बसून याचं त्याला सांगायचा. तोवर नात कंटाळून पळून जायची. उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार होते. "तिथंही पळाली तर? आजोबा-नातीत दुभाष्या नको," एवढंच त्यांचं म्हणणं.

सिनेमे निवडायचे ते फक्त लहान मुलं असलेले. खालच्या इंग्रजी ओळी दिसू नयेत म्हणून टीव्हीच्या खालच्या भागावर टॉवेल. एकदा मीही चहाचा कप घेऊन बसले. तासाभरात एका बाईने पाव कापला आणि एक मुलगा खिडकीत जाऊन बसला.

"अहो, यात काही घडतच नाही!"

"घडतंय की. पोरगं रुसलंय."

खरंच रुसलं होतं.

एका सिनेमात आई मुलाला पांघरूण घालताना एक वाक्य म्हणायची. यांनी ते महिनाभर घोकलं आणि मोठ्या कौतुकाने कॉलवर नातीला म्हणून दाखवलं. मी तिथेच होते. पोरीचा चेहरा पडला, ती उठून गेली.

"बाबा, याचा अर्थ, पुरे आता, तोंड बंद!" मुलगा म्हणाला.

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. आठवडाभर खालून टीव्हीचा आवाज आला नाही, तेव्हा मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मग टॉवेल निघाला. ओळी वाचून त्यांनी एकच वाक्य हेरलं: पुन्हा सांग ना. "तेवढंच घेऊन चाललोय, वहिनी," निघताना म्हणाले.

त्याला आता चार महिने झाले. दुपारी मला करमत नाही, खोटं कशाला बोलू. परवा त्यांच्या मुलाने व्हिडिओ पाठवला. बागेत नात त्यांना मुंगळा दाखवून काहीतरी सांगतेय. ते आपलं वाक्य म्हणतात. ती पुन्हा सांगते. ते पुन्हा तेच. मग ती त्यांची हनुवटी धरते, चेहरा आपल्याकडे वळवते आणि अगदी सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागते.