गायीचं मिश्रण

निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून दोनतीनदा सिंदी मेघेहून गिरडजवळच्या ताईच्या शेतावर जाऊ लागले. भावजी गेल्यानंतर तिला गायीबैलांचं करणं झेपेना, म्हणून तिनं मेंढ्या घेतल्या होत्या. त्या वर्षी नऊ कोकरं झाली. आईचं दूध सुटलं तशी ती अंगानं भरेनात. एकमेकांची लोकर ओढून खायची, भिंतीची माती चाटायची.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. पाहिल्यापाहिल्या ताईला म्हटलं, "यांना खनिजं कमी पडताहेत. जस्त, कोबाल्ट, तांबं. अगदी चिमूटभर लागतात, पण लागतात."

"तुले समजते ना, मंग घेऊन ये," ती म्हणाली.

दुकानात मिळालेल्या खनिज मिश्रणाच्या पिशवीवर गायीचं चित्र होतं. मेंढ्यांसाठी वेगळं येतं का, हे मी विचारलं नाही. गायीच्या मापावरून कोकराचं माप मीच काढलं आणि वाढीचं वय म्हणून थोडं वाढवून धरलं. ताई रोज सकाळी ती भुकटी तुरीच्या चुनीत कालवून घालू लागली. महिन्याभरात कोकरांनी लोकर ओढणं सोडलं. मी हे दोघीतिघींना फोन करून सांगितलंही.

दुसरा महिना सरत आला आणि ताईचा फोन आला. "मोठं कोकरू चारा सोडून उभं आहे. मूत लाल येऊन राह्यलं त्याचं."

हिंगणघाटला गाडी बदलून पोहोचेपर्यंत ते मेलं होतं. पापण्यांची आतली बाजू हळदीसारखी पिवळी पडली होती. ताईनं गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी पोत्यावर ठेवून ते उघडलं. काळीज, म्हणजे यकृत, पिवळं होतं, मूत्रपिंडं काळीनिळी.

"काय चारत होता?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी आणून दिली. त्यांनी ती उलटून मागचं वाचलं. "हे गायीचं आहे, मॅडम. यात तांबं जास्त असते. गायीले चालते, मेंढीले नाई. तिच्या अंगातून ते लवकर निघत नाई, काळजात साचत राह्यते. बाहेरून काही दिसत नाई, अन् मग एकदम असं होते."

"माप मी ठरवलं होतं," मी म्हटलं.

राहिलेल्या कोकरांना पाजायचं औषध त्यांनी लिहून दिलं आणि मिश्रण त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. तांबं मेंढीलाही लागतं हे मला ठाऊक होतं. किती झालं की ते विष होतं, हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शिकवूनही.

डॉक्टर गेल्यावर मी ताईला म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

"रोज चारलं तर मीनंच," ती म्हणाली. "आता बाकीच्याईचं पाहू. तू राह्यशील ना?"

मी राहिले. मी कोकराचा जबडा धरायची, ताई औषध ओतायची. तिसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. ते सगळ्यांत जास्त खाणारं होतं, चुनीत पहिलं तोंड त्याचंच असायचं. उरलेली सात जगली. कोणतं जाईल याचा अंदाज मी रोज बांधत होते आणि तो बहुतेक चुकत होता.

नंतर डॉक्टरांनी मेंढ्यांसाठीचं मिश्रण मागवून दिलं. माप त्यांनीच सांगितलं. ताईनं एका जुन्या चमच्यावर खिळ्यानं खूण करून घेतली, तेवढंच ती घालते. लोकर ओढणं पुन्हा सुरू झालं नाही. दिवाळीनंतर लिंबाच्या फांदीला तागडी बांधून आम्ही कोकरं जोखली. सहा चांगली भरली, एक लहानच राहिलं.

मी अजून जाते. नव्या कोकरांचं काही विचारायचं असलं, तर ताई आता डॉक्टरांना फोन करते. मी तिथं असले तरी.