अम्मींना ऐकवून मिळवलेली पदवी

शमीमभाभींना मनातल्या मनात वाचता येत नसे. वाचायचं ते मोठ्यानं, आणि मोठ्यानं म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये मला वरणाला फोडणी देताना ऐकू येईल इतकं. मस्कतला आम्ही नवीनच राहायला गेलो होतो. विरजण मागायला म्हणून मी त्यांच्या दाराशी उभी राहिले, तर आतून खणखणीत आवाज येत होता, "तो अम्मी, एक पेशी फटी, दो हुई. दो की चार. ऐसे करते करते पूरा पत्ता तयार. समझे ना?" त्यावर एक म्हातारा आवाज म्हणाला, "हौ, समझे. आगे बोल." मला वाटलं, इथे शिकवणी चालते.

दार उघडलं ते पस्तिशीच्या एका बाईनं. हाताला कणीक, कानात इअरफोन. मागे सोफ्यावर तिच्या सासूबाई लसूण सोलत बसलेल्या. आम्ही देऊळगाव राजाचे, असं मी सांगायचा अवकाश, बाई ओरडल्याच, "या मा! आपल्या बुलढाण्याच्या! मी वरवट बकालची. पण देऊळगाव म्हणजे तुमी अर्ध्या मराठवाड्याच्या हो ताई." विरजण बाजूला राहिलं आणि चहा झाला. त्या दिवसापासून परदेशात मला वऱ्हाडी ऐकायला मिळू लागली. घरात त्या आपल्याकडच्या मुसलमानी हिंदीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि विद्यापीठाशी इंग्रजीत. त्यांची इंग्रजीही ऐकायला वऱ्हाडीच वाटायची.

भाभी एका विद्यापीठाची विज्ञानाची पदवी ऑनलाइन करत होत्या. दोन मुलं, सासूबाई आणि नवरा रफिकभाई, असं दोन खोल्यांत राहून. कानात इंग्रजी व्याख्यान ऐकायचं आणि त्यातलं एकेक वाक्य आपल्या बोलीत उतरवून अम्मींना सांगायचं, हा त्यांचा अभ्यास. अम्मींना अक्षरओळख नव्हती, पण ऐकण्याची चिकाटी भलतीच होती. समजलं नाही तर "फिर से बोल" म्हणायच्या, आणि भाभी पोळी लाटता लाटता पुन्हा पहिल्यापासून सुरू. "तोंडातून निघालं तं डोक्यात राह्यते ताई," त्या मला सांगायच्या. "नाई तं एका कानातून येते अन् दुसऱ्यातून जाते."

माझी बी.कॉम.ची पदवी कपाटात साड्यांच्या खाली पडलेली. या वयात, या रामरगाड्यात हा खटाटोप कशासाठी, असं मी त्यांना एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं. हातातली चादर तशीच धरून त्या कापसावर बोलू लागल्या.

लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा सगळीकडे बीटी कापूस लागला होता, बोंडअळीला मारणारं जहर झाडातच असलेला. बियाण्याच्या थैलीत एक वेगळी लहान पुडीही यायची, साध्या कपाशीच्या बियांची. ती शेताच्या कडेनं लावा, असं त्यावर लिहिलेलं असे. ते कुणीच करत नसे. कुणी ती पुडी फेकून देई, कुणाची बांधावर पडून राही. घरात बारावी झालेली सून एकच, म्हणून सासऱ्यांनी पुडी भाभींकडे दिली. आणि भाभींनी ती वाया जाऊ दिली नाही. जिथे बी उगवलं नव्हतं, तिथे त्याच बियांनी त्यांनी नांग्या भरल्या. "सासऱ्यानं गावभर सांगतलं, पाहा माही सून किती हुशार! मीही फुलली होती," त्या म्हणाल्या.

पुढे काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून कसं ठणठणीत, आणि फोडावं तर आत किडलेली सरकी आणि पिवळी पडलेली रुई. गावंच्या गावं हबकली. सासऱ्यांनी कपाशी सोडली. रफिकभाई जिनिंगमध्ये फिटर होते. कापूसच येईना, तेव्हा फिटरचं काय काम? म्हणून मस्कत.

"ताई, साऱ्यायनं कंपनीले शिव्या देल्ल्या, सरकारले देल्ल्या, नशिबाले देल्ल्या. द्याव्याच. पण मले वाटे, ते लहान पुडी काऊन देत होते? कोणीच सांगू शकेना. कृषीवाल्याले इचारलं, तो म्हणे, नियम आहे. नियम तं आहे, पण काऊन?" त्यांनी चादर झटकली. "मंग म्हटलं, आपणच शिकू."

एवढ्या एका 'का'साठी माणूस तीन वर्षांचा अभ्यास अंगावर घेतो, हे मला झेपेना. मी ओल्या कपड्यांना उगाच जास्तीचे चिमटे लावत राहिले.

उत्तर त्यांना दुसऱ्या वर्षी मिळालं. त्या दिवशी त्या पीठ लागलेल्या हातानं माझं दार बडवत आल्या आणि अम्मींसमोर मला बसवून त्यांनी अळ्यांची सोयरीक समजावली. जहर पचवणारी एखादी अळी निपजतेच. तिचा पतंग झाला की त्याला जोडीदार साधा मिळाला पाहिजे. मग लेकरं बहुतेक जहरानं मरतात. पण दोन्हीकडचे जहर पचवणारे असले, तर सगळं खानदानच तसं होतं. शेताच्या कडेला वेगळ्या लावलेल्या साध्या कपाशीवर अशा साध्या अळ्या जगतात; बीटीच्या मधेमधे लावली की तेवढ्या उरत नाहीत. "म्हणजे ताई, तिथं सोयरे राह्यत होते. अन् आमी सोयऱ्यायचं घरच ठेवलं नाई!" अम्मी गंभीरपणे म्हणाल्या, "रिश्ताच गलत हुआ." नंतर कित्येक दिवस अम्मी खालच्या भाजीवाल्याला गाठून अळ्यांची लग्नं समजावत होत्या. तो बिचारा केरळचा. माना डोलवायचा आणि कोथिंबीर जास्त द्यायचा.

शेवटच्या वर्षी रफिकभाईंच्या कंपनीनं माणसं कमी करायला घेतली. उन्हाळ्यात परत जायचं ठरलं. भाभींचा शेवटचा पेपर तेवढा राहिला होता. "इथं झालं तं झालं," त्या म्हणाल्या. "एकदा घरी गेली का मी कोणाची सून, कोणाची माय, कोणाची जाऊ. लग्नंकार्यं, दुखणीखुपणी. तिथं मले कोण बसू देते कॅमेऱ्यासमोर? राह्यली तं राह्यलीच मंग."

परीक्षा कॅमेऱ्यासमोर, घरूनच. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. रफिकभाई मुलांना समुद्रावर घेऊन गेले आणि अम्मी माझ्याकडे येऊन बसल्या. पण पेपर संपायच्या आधीच दार वाजलं. भाभींचा चेहरा उतरलेला.

"ताई, मले बंद केलं."

प्रश्न सोडवताना त्या बोलल्या होत्या. आपण बोलतोय हे त्यांना कळलंही नव्हतं. खोलीत कुणाशी तरी बोलणं सुरू आहे, असं समजून परीक्षा थांबवली गेली आणि पेपर रद्द झाला. विद्यापीठाच्या मदत कक्षातल्या एका भल्या मुलीनं वाट सुचवली. लहान मूल अचानक खोलीत आलं, असं लिहून द्या, म्हणजे पुन्हा बसू देतील. रफिकभाई म्हणाले, "लिख दे ना. एक लाइन की तो बात है." खरं सांगते, मीही तेच म्हणाले.

"पोरगं तं समुद्रावर होतं," भाभी म्हणाल्या. "त्याच्यावर काऊन घालू? बोलली मी. जे शिकली ते बोलूनच शिकली. त्यायनं मले बोलूनच इचारावं."

आणि तसंच त्यांनी विद्यापीठाला कळवलं. विचार करताना माझं तोंड चालतं, खोलीत कुणी नव्हतं, वाटेल ते तोंडी विचारा. मग नुसती वाट पाहणं. सामान बांधायला खोकी आली, मुलांचे शाळेचे दाखले आले, विद्यापीठाचं उत्तर येईना. त्या दिवसांत शेजारचं स्वयंपाकघर पहिल्यांदा मुकं झालं. मला फोडणी देतानाही चुकल्यासारखं वाटायचं.

अखेर तोंडी परीक्षा ठरली. भाभी आत एकट्या, आणि आम्ही सगळे बाहेरच्या बोळात, दाराला कान लावून. स्क्रीनवर तीन प्राध्यापक होते. पहिला प्रश्न आला आणि आत सामसूम. ज्या बाईला गप्प राहता येत नव्हतं म्हणून हे सगळं घडलं, ती आता गप्प. रफिकभाईंनी डोळे मिटले. मग भाभींचा आवाज आला, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. मी सासूला जसं समजावते तसं तुम्हाला सांगितलं तर चालेल का, असं त्या विचारत होत्या. पलीकडून कुणीतरी हसलं आणि चालेल म्हणालं.

मग जे सुरू झालं ते थांबेना. वाक्यं इंग्रजी, पण चाल अम्मींना सांगायची तीच. आणि बोळात अम्मी पुटपुटत होत्या, "अब बोलेगी साधे पतंग का." आत इंग्रजीत तेच निघायचं. इंग्रजीचा एक शब्द ज्यांना कळत नव्हता, त्या आवाजाच्या चढउतारावरून सून कुठे पोचली ते सांगत होत्या. 

शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? भाभी म्हणाल्या, "पाहिलं नाही सर, केलंय." आणि साध्या कपाशीच्या त्या पुडीतल्या बियांनी आपल्या हातांनी नांग्या भरल्याचं त्यांनी सांगून टाकलं, सासऱ्यांनी केलेल्या कौतुकासकट. कुणी विचारलं नव्हतं. न सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. मला त्या क्षणी या बाईसमोर खरोखर दबल्यासारखं झालं. एवढं सरळ माणूस मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं.

निकाल लागला. भाभी पास झाल्या. पदवीदानही ऑनलाइनच, निघायच्या आदल्या आठवड्यात. घरात फर्निचर उरलं नव्हतं, म्हणून लॅपटॉप खोक्यावर ठेवला आणि सगळे सतरंजीवर बसलो. भाभींनी ईदचा ड्रेस घातला होता. नावं पुकारली जात होती, एकामागून एक, कुठल्या कुठल्या देशांतली. मग आलं, शमीम रफिक शेख.

आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले, तर अम्मी भिंतीला धरून उठू लागल्या. त्यांचे गुडघे धरलेले. नमाजही खुर्चीवर पढायच्या. आमच्याकडे सून आली की सासू बसून राहते, सून उभी राहते. यात कधी फरक नाही. भाभी घाबरून उठायला लागल्या, "अम्मी, क्या हुआ? बैठो ना!"

अम्मींनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"तू बैठ," त्या म्हणाल्या. "आज मेरेकू खड़ी रैने दे."