फुजैऱ्याला आलेला वॉर्डाचा डबा

फौज सुटली, पण नोकरीला पोस्टिंग म्हणायची सवय सुटली नाही. माझं सध्याचं पोस्टिंग आखातात, फुजैऱ्याला, बंदरामागच्या एका फॅब्रिकेशन यार्डात आहे. काम फर्स्ट-एडरचं. फौजेच्या वैद्यकीय दलात मी नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. इथे बोट कापणं, डोळ्यात कचरा जाणं आणि जून-जुलैत उष्माघात, एवढंच असतं. मोठी क्रेन चालते तेव्हा मी बॅग घेऊन पन्नास पावलांवर उभं राहायचं, असा नियम आहे.

त्या दिवशी सकाळी ०६३० ला क्रेनची लिफ्ट होती. माल होता रेल्वेचा एक डबा. बशीरभाईंनी तो भारतात लिलावात घेऊन जहाजाने आणला होता. बशीरभाई दाभोळकडचे. दुबईत देऱ्याला त्यांचं ऑफिस आहे आणि त्यांना इथे समुद्राकाठी हॉटेल काढायचं होतं. डब्यात बसून जेवण, ही त्यांची कल्पना. महिनाभर ते दुसरं काही बोलत नव्हते.

ट्रेलर फाटकातून आत आला आणि यार्डातली सगळी माणसं काम सोडून बघत राहिली. रुळांवर उभा असलेला डबा वेगळा आणि वाळूत, उघड्यावर, चाकांशिवाय आलेला डबा वेगळा. तो फार मोठा दिसतो. क्रेनने तो उचलला, फिरवला, तेव्हा त्याची दुसरी बाजू माझ्यासमोर आली. बाजूच्या मधोमध एक रुंद दुहेरी दार होतं.

प्रवासी डब्याला असं दार नसतं. ते स्ट्रेचर आत वळवण्यासाठी असतं.

डबा टेकल्यावर मी वाकून खालच्या पोलादी पट्टीवरचा रंग चावीने खरवडला. ठोकलेला नंबर निघाला. तो मला पाठ होता.

"हवालदारसाहेब, काय झालं?" बशीरभाईंनी विचारलं. "डबा नकली निघाला काय?"

"नाही. या डब्यात मी ड्युटी केली आहे."

ते म्हणाले, "यल्ला, आत चला. सांगा."

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. डोंगरात लढाई चालू होती. डबा आधी साधा प्रवासी होता. आतली बाकं काढून दोन मजली खाटा बसवल्या आणि त्याचा वॉर्ड झाला. चोवीस खाटा, चोवीस जखमी. एक कॅप्टन साहेब डॉक्टर आणि मी. रेल्वे जिथे संपते तिथून मोठ्या इस्पितळापर्यंत दोन दिवसांचा प्रवास.

दर तासाला राउंड असे. मी प्रत्येकाची नाडी मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा, टोकाच्या टेबलावर बसलेले कॅप्टन साहेब तो तक्त्यात लिहीत. गाडीच्या खडखडाटात ओरडूनच सांगावं लागे. त्यामुळे प्रत्येकाची नाडी सगळ्या वॉर्डाला माहीत असायची. पोरांनी त्याचा खेळ केला होता. कोणाचा आकडा शंभरावर गेला की लगेच, "घरचं पत्र आलं वाटतं!" दोन्ही पाय गमावलेले एक सुभेदार साहेब होते, तेसुद्धा आपला आकडा ऐकून म्हणायचे, "लिहा, लिहा, अजून इंजिन चालू आहे."

खालच्या सात नंबरच्या खाटेवर नाईक दत्ताराम होते. पोटात गोळी. त्यांच्या बरोबर वर त्यांच्याच सेक्शनचा शिपाई महादू, छातीत गोळी, बरगड्यांमधून नळी घातलेली. महादूला गोळी लागल्यावर दत्ताराम नाईकांनी त्याला ओढत मागे आणलं, आणि ते करताना त्यांना लागली. महादूला हलायची मनाई होती. खाली वाकून बघता येत नसे. म्हणून प्रत्येक राउंडला तो विचारायचा, "नाईकसाब किती?"

दुसऱ्या दिवशी १३१० वाजता नाईकसाब गेले. आतून रक्तस्राव झाला. आवाज नाही, धडपड नाही. कॅप्टन साहेबांनी डोळे तपासले आणि माझ्या कानाशी बोलले.

"गाडी कधी पोहोचते?"

"सतरा पंचवीस, सर."

"हे कळून महादू उठून बसला तर तोही जाईल. काउंट चालू ठेव."

"सर, नाईकसाबचा?"

"सगळ्यांचा."

आमच्या वॉर्डात चालत्या गाडीत कोणाच्या तोंडावर चादर ओढत नसत. त्यामुळे ते झोपल्यासारखेच दिसत होते. सलाइन तसंच लटकत ठेवलं.

१४०० चा राउंड. सात नंबरशी मी बसलो, थंड मनगट हातात धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिलो.

"नाईकसाब किती?" वरून आवाज आला.

"अठ्ठ्याऐंशी," मी ओरडलो.

"चांगलं आहे," महादू म्हणाला.

१५०० ला अठ्ठ्याऐंशी. १६०० ला अठ्ठ्याऐंशी. १७०० लाही तेच. मला दुसरा आकडा सुचतच नव्हता. भीती एकच होती, की माझा आवाज फाटेल आणि महादू उठेल. बाकी वॉर्ड शांत होता. कोणी चेष्टा करत नव्हतं. मला वाटलं, प्रवासाने थकलेत.

१७२५ ला गाडी थांबली. रुंद दार उघडलं, स्ट्रेचर आत आली. पहिल्यांदा महादूला उतरवायचं होतं. त्याला खाली घेतलं तसा त्याने माझी बाही धरली.

"तीनच्या राउंडलाच कळलं होतं," तो म्हणाला. "दोन दिवसांत नाईकसाबचा आकडा लागोपाठ एकसारखा कधी आला नाही."

"मग तू विचारत का राहिलास?"

"बाकीच्यांना कळू नये म्हणून."

पलीकडच्या खाटेवरून सुभेदार साहेब बोलले, "आम्हाला सगळ्यांना कळलं होतं रे. तुझ्यासाठी गप्प होतो."

मी वॉर्डाकडे बघितलं. कोणाचा पाय नव्हता, कोणाचा डोळा नव्हता. तेवीस माणसं अडीच तास एकमेकांना सांभाळत पडून होती आणि मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळतो आहे. ज्यांचा हात उठत होता, त्यांनी सात नंबरच्या दिशेने झोपल्या जागी सॅल्यूट केला. मी रडलो. कॅप्टन साहेबांनी मला टोकलं नाही. त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली, पण त्याहून मोठं काही पाहिलं नाही.

महादू वाचला. आज गावी शेती बघतो.

लढाई संपल्यावर डब्यातल्या खाटा निघाल्या, मग तो कुठेतरी रेल्वेच्या कामगारांचा मुक्कामाचा डबा झाला आणि शेवटी लिलावात गेला. एवढंच मला कळलं.

मी सांगून संपवलं तेव्हा बशीरभाई भिंतीतली खाटांच्या बोल्टांची भोकं बघत होते. "सात नंबर कुठे?" त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली.

"इथे टेबल लावत नाही. मोकळं ठेवतो."

"नको," मी म्हणालो. "इथे लावाच."

मग त्यांना राहिलेलं सांगितलं. पोटातल्या गोळीमुळे नाईकसाबना पाण्याचा घोटही मना होता. तरी प्रत्येक जेवणाला ते वर हाक मारायचे, "महादू, आज काय आहे, सांग." महादू ताटातला एकेक पदार्थ सांगायचा. नाईकसाब डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "वा. सावकाश जेव."

थंडीत हॉटेल उघडलं. पहिल्या दुपारी बशीरभाईंनी मला त्या टेबलावर बसवलं आणि स्वतः समोर बसले. ताट आलं. मी हात लावला नाही.

"नाईकसाब," मी हळूच म्हणालो, "भात आहे. डाळ आहे. सुरमईचं कालवण आहे."

बशीरभाईंनी मान खाली घातली. मग तेही हलक्या आवाजात म्हणाले, "सोलकढी पण आहे, नाईकसाब."