सर्पगंधेची जागा मी सांगितली नाही

मंडळी, आज सकाळी अंबरनाथचे एक डॉक्टर बारवीकडच्या आमच्या पाड्यावर आले. माझ्या आईने रानातून खणून दिलेली सर्पगंधेची मुळी त्यांनी उल्हासनगरच्या, फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या छावणीत रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिली होती. गुण आला. मग सत्काराच्या सभेत म्हणाले, "शोध माझाच. ही अडाणी बाई नुसती खणते." आई समोरच बसली होती. पावसाळ्यात ती वारली; मुळीची जागा आता फक्त मला ठाऊक.

आज त्यांची मुळी संपली होती. "जागा दाखव रे," म्हणाले.

"शोध तुमचा ना, साहेब? मग जागाही तुम्हीच शोधा."

ते उन्हातून तसेच परत गेले. मला फार बरं वाटलं.

बायको मात्र म्हणाली, "छावणीतल्या म्हाताऱ्यांनी आपलं काय घोडं मारलं होतं?"

तरीही मी जागा सांगणार नाही. तुम्ही सांगितली असती?